चार्ल्सटनची स्तोत्रकर्त्री : पेनिना मॉइझ

वाङ्मयाच्या इतिहासात काही नावे ग्रंथांच्या थोरवीने टिकतात, तर काही नावे एखाद्या समाजाच्या नित्य व्यवहारात मिसळून गेल्यामुळे टिकतात. दुसऱ्या प्रकारच्या नावांचा टीकाकारांना लवकर विसर पडतो. पण ज्या समाजाने त्यांचे शब्द आपल्या सणावारी उच्चारले, त्या समाजाच्या जिभेवर ती पुढे कित्येक पिढ्या राहतात. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना संस्थानातील चार्ल्सटन या बंदराच्या नगरीत होऊन गेलेली ज्यू कवयित्री पेनिना मॉइझ ही या दुसऱ्या वर्गातील होय. तिची गणना मोठ्या कवींत करावी असा आमचा आग्रह नाही. तथापि परंपरेने चालत आलेल्या पवित्र भाषेऐवजी लोकांच्या बोलण्यातील भाषेत देवाची प्रार्थना करावी की नाही, आणि कवीच्या मनातील करुणा नेमकी कोठवर पोहोचते, हे दोन प्रश्न तिच्या चरित्रात जसे एकत्र आले आहेत तसे क्वचितच आढळतात. हे दोन्ही प्रश्न आपल्याला परके नाहीत. म्हणून हे चरित्र मराठी वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम त्या नगरीचा थोडा परिचय करून घेतला पाहिजे. कॅरोलायना वसाहतीसाठी १६६९ साली जी मूळ घटना रचण्यात आली, तिच्या रचनेत तत्त्वज्ञ जॉन लॉक याचा हात होता. ज्यू, मूर्तिपूजक आणि प्रस्थापित चर्चहून वेगळे मत बाळगणारे या सर्वांना त्या घटनेने तेथे राहण्याची मोकळीक दिली होती. पोर्तुगाल व स्पेनमधून हाकलले गेलेले आणि लंडन, ॲम्स्टरडॅम व वेस्ट इंडीज बेटांमार्गे फिरत आलेले ज्यू हळूहळू तेथे स्थिरावले. १७४९ साली त्यांनी ‘काहाल कादोश बेथ एलोहिम’ या नावाची मंडळी स्थापन केली. फ्रान्सिस साल्व्हादोर हा ज्यू गृहस्थ १७७४ साली तेथील प्रांतिक सभेवर निवडून गेला आणि १७७६ साली अमेरिकन क्रांतीच्या लढ्यात मारला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्सटनमध्ये सुमारे ५०० ज्यू राहत होते. तेवढी मोठी ज्यू वस्ती त्या काळी अमेरिकेतील दुसऱ्या कोणत्याही शहरात नव्हती. न्यूयॉर्कचा क्रमांक पहिला लागण्यास अजून अवकाश होता.

याच नगरीत २३ एप्रिल १७९७ रोजी पेनिनाचा जन्म झाला. तिचा पिता अब्राहम मॉइझ हा मूळचा अल्सास प्रांतातील. व्यापाराच्या निमित्ताने तो कॅरिबियन समुद्रातील बेटांवर गेला आणि डचांच्या ताब्यातील सेंट युस्टेशस बेटावरील सारा हिच्याशी त्याचा विवाह झाला. फ्रेंचांच्या सां-दोमांग वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, १७९१ साली गुलामांनी बंड केले तेव्हा हे कुटुंब घरदार मागे टाकून चार्ल्सटनला पळून आले. नऊ भावंडांत पेनिना सहावी. तिच्या घरी सांगितल्या जाणाऱ्या पहिल्या कथा पलायनाच्या असणार, हे सहज समजण्याजोगे आहे. मात्र गुलामांचे बंड तिच्या घराने संकट म्हणून अनुभवले होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची आपल्याला पुन्हा गरज लागणार आहे.

पेनिना बारा वर्षांची असताना पिता वारला. आलेले वैभव सां-दोमांगातच बुडाले होते; चार्ल्सटनमध्ये नव्याने मांडलेला संसारही आता उघडा पडला. पेनिनाची शाळा सुटली. लेस विणणे आणि भरतकाम करणे हा तिचा उद्योग झाला आणि त्याच्या चार पैशांनी घराला हातभार लागू लागला. दिवस सुईदोऱ्यात जाई, वाचन रात्री. दिव्याला तेल नसेल तेव्हा ती चांदण्यात पुस्तक धरून बसे अशी आख्यायिका तिच्याविषयी सांगतात. तिचे डोळे पुढे गेले त्याचे मूळ लोकांनी या चांदण्यातील वाचनात शोधले. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच: तिची विद्या ही स्वतःच्या कष्टाने, झोपेच्या वेळातून काढून मिळवलेली होती. तिने लग्न केले नाही. वृद्ध आईची शुश्रूषा, भावंडे, भाचरे आणि लेखन हाच तिचा प्रपंच झाला.

विशीत असतानाच तिच्या कविता स्थानिक वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. ‘चार्ल्सटन कूरियर’, ‘सदर्न पेट्रियट’, पुढे फिलाडेल्फियाचे ‘गोडीज लेडीज बुक’ हे त्या काळचे अत्यंत खपाचे स्त्रियांचे मासिक, आणि आयझॅक लीझर यांचे ‘ऑक्सिडेंट’ हे ज्यू मासिक — इतक्या ठिकाणी तिचे लेखन प्रसिद्ध झाले. १८३३ साली ‘फॅन्सीज स्केच बुक’ या नावाने तिचा काव्यसंग्रह चार्ल्सटन येथेच निघाला. अमेरिकेतील ज्यू स्त्रीने प्रसिद्ध केलेला हा पहिला काव्यसंग्रह मानला जातो. त्यातील पुष्कळ कविता हलक्याफुलक्या आहेत. शब्दांवरील कोट्या, प्रसंगोपात्त विनोद, ग्रीक-रोमन पुराणांतील संदर्भ, आणि कोणाच्या वाढदिवसाला वा विवाहाला लिहून दिलेल्या ओळी असा तो मालमसाला आहे. त्या काळच्या वृत्तपत्री काव्याची जी रीत, तीच तिची रीत. स्वतःच्या दारिद्र्याविषयीही ती तक्रारीने लिहीत नाही, थट्टेने लिहिते.

परंतु या कोट्यांच्या गर्दीत मधूनच वेगळा सूर लागतो. १८१९ साली जर्मनीच्या अनेक शहरांत ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या, त्यांची घरे व दुकाने लुटली गेली. १८२० साली पेनिनाने चार्ल्सटनच्या पत्रात छळ सोसणाऱ्या परदेशीयांना उद्देशून एक कविता प्रसिद्ध केली. युरोपातील ज्यूंना ती आपल्या भूमीवर येण्याचे आमंत्रण देते. येथे तुमचा धर्म कोणी विचारणार नाही, असा तिचा दिलासा आहे. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यासाठी एमा लाझारस या दुसऱ्या ज्यू कवयित्रीने लिहिलेले सुनीत जगप्रसिद्ध आहे. ते १८८३ सालचे. जगाने टाकलेल्या माणसांना अमेरिकेने दार उघडावे ही कल्पना त्याआधी ६३ वर्षे, दक्षिणेतील एका भरतकाम करणाऱ्या तरुण मुलीने मांडली होती, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

लांबच्या स्वधर्मीयांची वार्ता घेण्याचे हे व्रत तिने पुढेही सोडले नाही. ज्यूंना इंग्लंडच्या पार्लमेंटात बसू देणारे विधेयक उमरावांच्या सभेने फेटाळले, त्यावर तिने कविता लिहिली. १८४० साली दमास्कस येथे एक ख्रिस्ती धर्मगुरू नाहीसा झाला. ज्यूंनी धर्मविधीसाठी त्याचा खून केला असा जुनाट, विषारी आरोप पुन्हा उठवण्यात आला आणि निरपराध ज्यूंना तुरुंगात टाकून त्यांचे हाल करण्यात आले. लंडनचे सर मोझेस माँटेफिओरे आणि पॅरिसचे अदोल्फ क्रेमिये यांनी पूर्वेकडे जाऊन कैद्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. अमेरिकेतील ज्यूंनी ठिकठिकाणी सभा भरवल्या. परदेशातील अन्यायाविरुद्ध त्यांनी एकत्र आवाज उठवण्याचा हा पहिलाच मोठा प्रसंग. या प्रसंगीही पेनिनाची लेखणी स्वस्थ बसली नाही. सभेत बोलण्याचा अधिकार तेव्हा स्त्रीला नव्हता. वृत्तपत्राचा रकाना हेच तिचे व्यासपीठ होते, आणि ते तिने पुरेपूर वापरले.

आता ज्या कार्यामुळे तिचे नाव राहिले त्याकडे वळू. चार्ल्सटनच्या मंडळीत उपासना हिब्रू भाषेत, स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या परिपाठानुसार होई. अमेरिकेत जन्मलेल्या पिढीला त्यातील फारसे कळत नसे. १८२४ साली ४७ जणांनी मंडळीच्या चालकांकडे विनंतीअर्ज केला: प्रार्थनेतील मुख्य भागांचे इंग्रजी भाषांतर वाचले जावे, उपासना आटोपशीर असावी, आणि लोकांना समजेल असे प्रवचन इंग्रजीत व्हावे. अर्ज नाकारण्यात आला. तेव्हा आयझॅक हार्बी हा पत्रकार व नाटककार, त्याचे स्नेही आणि मॉइझ घराण्यातील एक अब्राहम यांनी पुढाकार घेऊन ‘रिफॉर्म्ड सोसायटी ऑफ इझ्रेलाइट्स’ ही स्वतंत्र सभा काढली. १८३३ साली ती मोडली. परंतु विचार मोडला नाही.

१८३८ च्या एप्रिलात चार्ल्सटनला प्रचंड आग लागली आणि जुने प्रार्थनामंदिर जळून गेले. त्याच जागी ग्रीक शैलीचे नवे मंदिर उभे राहिले व १८४१ साली त्याचा समर्पणविधी झाला. नव्या वास्तूत ऑर्गन बसवावा की नाही यावरून मंडळीत उभी फूट पडली. शब्बाथच्या दिवशी वाद्य वाजवणे हे कर्मठांच्या मते निषिद्ध कर्म होते. मतदानात सुधारकांची सरशी झाली. जुन्या मताचे लोक बाहेर पडले आणि त्यांनी ‘शिअरिथ इझ्रेल’ ही वेगळी मंडळी स्थापली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले व १८४६ साली निकाल सुधारकांच्या बाजूने लागला. धर्माच्या आतील अशा तंट्यात निवाडा करणे न्यायालयाचे काम नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता.

ऑर्गन आला म्हणजे त्याच्याबरोबर गाण्यासाठी शब्द हवेत. ते शब्द पेनिनाने पुरवले. १८४२ साली बेथ एलोहिम मंडळीने इंग्रजी स्तोत्रांचा संग्रह छापला. अमेरिकेतील ज्यूंचा हा पहिला स्तोत्रसंग्रह होय. त्यातील बहुतेक स्तोत्रे एकट्या पेनिनाची होती. पुढच्या आवृत्त्यांत ती वाढत गेली आणि तिच्या एकूण स्तोत्रांची संख्या सुमारे १९० वर पोहोचली. शब्बाथ, प्रायश्चित्ताचा दिवस, वल्हांडण, मंदिराचे समर्पण, मुलांची प्रार्थना अशा प्रत्येक प्रसंगाला तिची स्तोत्रे होती. ईश्वराचे एकत्व, त्याच्या इच्छेपुढे नम्र होणे, दुःखात धीर न सोडणे आणि आत्म्याचे अमरत्व हे तिचे विषय. छंद मात्र इंग्रज प्रॉटेस्टंट भजनांचे, चार चार ओळींच्या कडव्यांचे. कर्मठांनी यावर टीका केली असेल तर तिच्यात काही तथ्यही होते, कारण साचा ख्रिस्ती चर्चमधून आलेला आहे हे कानाला लगेच जाणवते. परंतु त्या साच्यात तिने जे ओतले ते दाविदाच्या स्तोत्रांतले आणि संदेष्ट्यांच्या वाणीतले होते. चार्ल्सटनच्या सुधारणांना विरोध करणाऱ्या लीझर यांनीसुद्धा आपल्या मासिकात तिच्या कवितांना जागा दिली, यावरून तिच्याविषयीचा आदर पक्षभेदाच्या पलीकडे गेला होता असे दिसते.

येथे एक बारीकशी गोष्ट नमूद करावीशी वाटते. ज्या मंदिरात ही स्तोत्रे गायली जात, तेथे स्त्रिया वरच्या सज्जात बसत. मंडळीच्या सभेत त्यांना मत नव्हते. ऑर्गन हवा की नको हे ठरवताना पेनिनाला कोणी विचारले नव्हते. तरीसुद्धा खाली बसलेले पुरुष जे शब्द उच्चारीत होते ते सज्जातील एका स्त्रीचे होते. स्त्रियांच्या हक्कांसाठी तिने कधी जाहीरनामा काढला नाही. पण सबंध मंडळीच्या तोंडी आपली वाणी घालण्याचा मान ज्यूंच्या अधिकृत उपासनेत त्यापूर्वी फारच थोड्या स्त्रियांना लाभला असेल.

मराठी वाचकाला ही भाषेची कथा परकी वाटू नये. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे आपले बेने इस्राएल बांधव यांनाही हाच प्रश्न सोडवावा लागला. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सामुएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले, म्हणजे पेनिनाच्या जन्माच्या आदल्या वर्षी. वल्हांडणाच्या रात्री वाचण्याचा ‘हग्गादा’ हा ग्रंथ मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली, आणि पुन्हा पुण्यात १८७४ साली छापला गेला. आणि १८८० च्या सुमारास, पेनिनाच्या आयुष्याची अखेर होत असताना, मुंबईच्या बेने इस्राएलांनी आपल्या धर्मातील आख्याने मराठी कीर्तनाच्या पद्धतीने, पूर्वरंग-उत्तररंगाच्या चालीवर गाण्यास आरंभ केला. चार्ल्सटनने शेजाऱ्याच्या चर्चमधील भजनाचा साचा घेतला, मुंबईने शेजाऱ्याच्या देवळातील कीर्तनाचा घेतला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण गरज तीच होती आणि तोडही तीच निघाली. ज्या भाषेत आई मुलाला रागावते आणि जोजवते, त्या भाषेत देवाशी बोलता यावे ही ती गरज.

पेनिनाचे अध्यापनाचे कार्य याच गरजेतून उगवले. फिलाडेल्फिया येथे रिबेका ग्रॅट्झ या थोर ज्यू स्त्रीने १८३८ साली मुलांसाठी रविवारची धर्मशाळा उघडली. त्याच वर्षी तिचे अनुकरण करून सॅली लोपेझ हिने चार्ल्सटनमध्ये तशी शाळा काढली. अमेरिकेतील ही दुसरी. १८४५ साली तिची धुरा पेनिनाकडे आली. पाठ्यपुस्तके अशी नव्हतीच. पेनिनाने मुलांसाठी पद्ये व पाठ रचले आणि तोंडी शिकवले. स्वतःची शाळा बाराव्या वर्षी सुटलेल्या या स्त्रीने उरलेले आयुष्य दुसऱ्यांची शाळा चालू ठेवण्यात घालवले.

१८५४ साली चार्ल्सटनमध्ये पीतज्वराची साथ आली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. सत्तावन वर्षांची पेनिना मागे राहिली आणि धर्माचा भेद न पाहता घरोघर रुग्णांची शुश्रूषा करीत राहिली. त्याच सुमारास तिची दृष्टी मंदावू लागली होती. लवकरच ती पूर्ण गेली. मज्जातंतूंच्या वेदना आणि अनिद्रा यांनीही तिला गाठले. रात्री झोप येत नसे तेव्हा ती मनातल्या मनात पद्ये जुळवी आणि सकाळी भाचीला सांगून उतरवून घेई.

येथपर्यंतचे चरित्र निर्मळ वाटते. पण इतिहासाचा अभ्यासक येथेच थांबला तर तो प्रामाणिक राहणार नाही. पेनिनाची चार्ल्सटन ही केवळ धर्मसहिष्णुतेची नगरी नव्हती. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या व्यापाराचे ते उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठे बंदर होते. १८०८ साली बाहेरून गुलाम आणण्यास कायद्याने बंदी झाली, तरी देशातल्या देशात लिलाव चालूच राहिले. १८२२ साली डेन्मार्क व्हेसी या मुक्त झालेल्या काळ्या सुताराने बंडाची जुळवाजुळव केल्याचा आरोप झाला आणि व्हेसीसह ३५ जणांना याच शहरात फाशी देण्यात आली. पेनिना तेव्हा पंचवीस वर्षांची होती. १८३४ साली दक्षिण कॅरोलायनाने गुलामांना वाचायला-लिहायला शिकवणे हा गुन्हा ठरवला. १८४१ चे नवे प्रार्थनामंदिर, जेथे तिची स्तोत्रे घुमली, ते उभारण्यात गुलाम कारागिरांचा घाम होता. १८६० च्या शिरगणतीत त्या संस्थानातील निम्म्याहून अधिक माणसे गुलाम होती. जर्मनीतील छळ, दमास्कसमधील छळ तिला समुद्रापलीकडून दिसला. घराच्या दाराशी चाललेला छळ तिच्या काव्याला दिसला नाही. यादवी युद्धात तिची निष्ठा दक्षिणेच्या पक्षाशी होती आणि मॉइझ घराण्यातील पुरुष त्या पक्षाच्या सैन्यात लढले.

याचा उलगडा कसा करावयाचा? सां-दोमांगहून पळून आलेल्या घराची भीती हे एक कारण असेल. अल्पसंख्य समाजाला जेथे आसरा मिळाला तेथील बहुसंख्यांच्या रीतीशी जुळवून घेण्याची जी सवय लागते ती दुसरे कारण असेल. ज्या भूमीने आपल्याला माणूस म्हणून वागवले तिच्या पापाकडे बोट दाखवणे कृतज्ञ मनाला जड जाते. कारणे सांगता येतात. पण कारणे म्हणजे समर्थन नव्हे. ज्या वर्गाला अक्षर शिकवणे गुन्हा होता, त्याच्याविषयी एक जन्मजात शिक्षिका मौन राहिली, हे तिच्या चरित्रातील न भरून येणारे रिकामे पान आहे.

मराठी माणसाला या विषयाशी जोडणारा एक धागा आहे. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. त्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी जे औदार्य व स्वार्थत्याग दाखवला त्याविषयीच्या आदरापोटी ही अर्पणपत्रिका होती. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा तीत व्यक्त केली आहे. पुण्यात ही ओळ छापली जात होती तेव्हा ७६ वर्षांची आंधळी पेनिना चार्ल्सटनमध्ये मुलांना शिकवीत बसली होती. जोतीरावांनी दुरून जे पाहिले ते तिला जवळ राहून दिसले नव्हते. दूरचे दुःख दिसणे आणि जवळचे न दिसणे हा दोष एकट्या पेनिनाचा नाही. ज्या पुण्यात ‘गुलामगिरी’ लिहिली गेली, तेथील किती सुविद्य, सहृदय माणसांना आपल्या अंगणाबाहेर थांबवलेली माणसे दिसत होती, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे. तिला दोष देताना आपला स्वर थोडा उतरतो तो याच कारणाने.

युद्धाने तिचे जग मोडले. २० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलायना चार्ल्सटन येथेच संघराज्यातून फुटून निघाले, आणि १२ एप्रिल १८६१ रोजी त्याच बंदरातील सम्टर किल्ल्यावर युद्धाची पहिली तोफ डागली गेली. शहरावर तोफांचा मारा सुरू झाला तेव्हा पेनिना आपल्या आप्तांसह आतील भागातील सम्टर याच नावाच्या गावी गेली. मंडळीने सुरक्षिततेसाठी कोलंबिया येथे पाठवलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या व ऑर्गन १८६५ च्या फेब्रुवारीत त्या शहराबरोबर जळून गेले. ऑर्गनवरून भांडलेल्या दोन्ही मंडळ्या १८६६ साली पुन्हा एक झाल्या. ज्या वस्तूसाठी घर फुटले होते ती वस्तू आता उरलीच नव्हती.

युद्ध संपल्यावर पेनिना चार्ल्सटनला परत आली. विधवा बहीण रेचेल आणि भाची जॅकलिन यांच्यासह तिने एक लहानशी शाळा चालवली. घरात तीन स्त्रिया, उत्पन्न जेमतेम, आणि मुख्य शिक्षिका ठार आंधळी. पुस्तक हाती धरता येत नव्हते. पण साठ वर्षांचे वाचन स्मरणात होते. इतिहास, काव्य, पवित्र शास्त्र ती स्मृतीतून शिकवीत असे. मुली तिच्याभोवती बसत. गावातील वाचनप्रिय मंडळी तिच्याकडे बोलायला येत. तिच्या विनोदाची धार अंधत्वानेही बोथट झाली नव्हती, असे तिला पाहिलेल्यांनी लिहून ठेवले आहे. चांदण्यात वाचलेले पुस्तक अंधारात उपयोगी पडले.

१३ सप्टेंबर १८८० रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, तिने देह ठेवला. आपल्या थडग्यावर फुले ठेवू नयेत, फुले उजेडात जगणाऱ्यांसाठी असतात, अशा आशयाचे तिचे अखेरचे सांगणे प्रसिद्ध आहे. चार्ल्सटनच्या कमिंग स्ट्रीटवरील जुन्या ज्यू दफनभूमीत ती विसावली. १९११ साली तेथील ज्यू स्त्रियांच्या संघटनेने तिचे निवडक लौकिक व धार्मिक लेखन एकत्र करून प्रसिद्ध केले. नाही तर वृत्तपत्रांच्या फायलींत पडलेल्या तिच्या कविता वाळवीच्याच वाट्याला गेल्या असत्या. अमेरिकेतील सुधारणावादी ज्यूंच्या स्तोत्रसंग्रहांत विसाव्या शतकातही तिच्या रचना समाविष्ट होत राहिल्या.

तिच्या काव्याचे मूल्यमापन करताना आम्ही असे म्हणू की, प्रतिभेपेक्षा निष्ठा हे तिचे बळ होते. तिच्या लौकिक कविता तिच्या काळाबरोबर जुन्या झाल्या. स्तोत्रे टिकली, कारण ती गाणाऱ्यांसाठी लिहिलेली होती, वाचणाऱ्यांसाठी नव्हे. त्यांत कवयित्रीने स्वतःला मागे ठेवून मंडळीला पुढे केले. आपल्या संतपरंपरेत वाढलेल्या वाचकाला हा गुण समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि तिच्या मौनाचे काय? ते झाकावे असे आम्हास वाटत नाही, तसेच त्यापायी तिचे सारे काम पुसून टाकावे असेही वाटत नाही. निर्वासितांना दार उघडा असे सांगणारी १८२० मधील तिची वाणी खरी होती, पीतज्वराच्या खोल्यांतील तिचे हात खरे होते, आणि दाराबाहेरच्या गुलामाकडे न वळलेली तिची नजरही खरीच होती. चरित्र लिहिणाऱ्याने या तिन्ही गोष्टी एकाच पानावर मांडाव्यात. त्यातून वाचणाऱ्याने तिच्यावर निकाल देण्याआधी, आपल्या दाराबाहेर आज कोण उभे आहे एवढे पाहून घेतले, तर एका आंधळ्या शिक्षिकेचा हा पाठ वाया गेला असे होणार नाही.